निळ्या शाईतला शेवटचा अंक

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला मी चारशे लोकांसमोर चोर म्हणालो आणि वर 'चित्रं काढण्यापेक्षा पापड लाटा' असा सल्लाही दिला. ती माझी बहीण आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणजे मला बहीण आहे हे माहीत होतं. जिला मी पापड लाटायला लावतोय ती तीच आहे, एवढंच माहीत नव्हतं. माझ्या बायकोच्या मते या दोन्हींत फारसा फरक नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी एका कंडक्टरबद्दल सांगावं लागेल. हा कंडक्टर कॉमिकमधला. त्या कॉमिकचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की लगेच कोणीतरी त्याचा पुढचा भाग काढायला बसेल, आणि आहेत तेवढे पुरेत.

तर तो कंडक्टर. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. त्या चिमट्याने तो कशालाही भोक पाडायचा. गुंडांच्या खिशाला, तिजोरीला, एकदा तर उडत्या तबकडीला. त्याला स्वतःला उडता येत नसे. उडायची वेळ आलीच तर तो बसच्या टपावर चढायचा आणि ओरडायचा, "जरा जोरात घ्या!" त्याचा ड्रायव्हर हा माझ्या आयुष्यात भेटलेला सर्वांत तत्त्वनिष्ठ माणूस. एक बेल वाजली की थांबणार, दोन वाजल्या की निघणार. बेल नाही तर काही नाही. मागे बसला आग लागली तरी आरशात बघून म्हणणार, "बेल द्या."

या दोघांचा दुश्मन म्हणजे घंटाचोर. जगातल्या सगळ्या घंटांचा आवाज चोरून तो बाटल्यांत भरायचा आणि फळीवर ओळीने मांडून ठेवायचा. शाळेच्या घंटेची बाटली त्याने फोडावी असं मला मुळीच वाटत नसे. पण एका अंकात त्याने आमच्या बसच्या बेलचाही आवाज चोरला. पुढे घाटात पूल तुटलेला. कंडक्टर दोरी ओढतोय, ओढतोय, आवाज नाही. ड्रायव्हर शीळ घालत निवांत पुलाच्या दिशेने. शेवटच्या चौकटीत पुलाचं तुटकं टोक, बसचा दिवा आणि खाली दोन शब्द: पुढील अंकी.

पुढील अंक आलाच नाही. कॉमिक काढणारी कंपनी बंद पडली.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बराकीत राहायचो. कोपऱ्यावर एका सिंधी काकांचं दुकान होतं. पुढे बटणं, चेन, दोऱ्याची रिळं आणि मागे सुतळीवर वाळत घातल्यासारखी लटकवलेली कॉमिकं, वाचून परत द्यायची. मी रोज जाऊन विचारायचो, आणि काका रोज तेच सांगायचे, "नहीं आया, साईं. कंपनी बंद हो गयी. ये वाला बटन देखेगा? इम्पोर्टेड है." बटण मागच्या गल्लीत बनलेलं असायचं. ते काकांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि इम्पोर्टेड म्हणाल्यामुळे दोघांनाही बरं वाटायचं.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की आमच्या कॅम्पात 'ओरिजनल' हा शब्द फक्त बाहेरून आलेलं गिऱ्हाईक वापरायचं. माझ्या दप्तरावर विमान होतं, त्याला एकाच बाजूला पंख होता. माझ्या कंपासपेटीवरचा वाघ हिरवा होता. मी कधी विचारलं नाही का. वस्तू टिकली की चांगली, नाही टिकली की वाईट, इतकाच आमचा हिशोब. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या हातात काहीही दिलं तरी तो ते खरंच मानतो. पुढे जे झालं त्यात माझी बाजू म्हणून एवढंच मांडता येतं.

त्याच सुमारास मला कावीळ झाली. तेल बंद, मीठ बंद, शाळा बंद. उसाचा रस आणि कुरमुरे. पिवळा पडून मी गोधडीत पडलो होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होतो, "बस थांबली का?" आजूबाजूच्या बायकांना वाटलं ताप डोक्यात गेला. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. ती तेव्हा ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार होती. ती रोज सांगायची, "बघते काकांकडे." आणि एक दिवस संध्याकाळी तिने माझ्या छातीवर अंक टाकला. "घे. आला. आता गप पड."

काय सांगू! मुखपृष्ठ आधीच्याच एका अंकाचं होतं, पण त्यावर काकांच्या दुकानाचा गोल शिक्का ठसठशीत मारलेला. आत आठच पानं, आणि ती निळ्या शाईतली. मला वाटलं, शेवटचा अंक म्हणून खास.

त्यात असं होतं: कंडक्टर दोरी ओढून थकतो. सगळे प्रवासी डबे वाजवतात, चाव्या वाजवतात, पण चोराने जगातला किणकिणाट सगळाच नेलेला. पूल जवळ येतो. तेवढ्यात शेवटच्या सीटवरची एक म्हातारी, मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली, उभी राहते आणि तोंडाने ओरडते, "टिंग!" ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो. पुढची दोन चाकं हवेत. ड्रायव्हर मागे वळून म्हणतो, "बेलला सर्दी झालीय का आज?" शेवटच्या चौकटीत म्हातारी हौसेने विचारते, "अजून एकदा करू का टिंग?" आणि सगळी बस एका आवाजात ओरडते, "नको!!!" कारण दुसरी टिंग झाली तर ड्रायव्हर निघणार.

याच्यापेक्षा चांगला शेवट कोणत्याही भाषेत कोणी केला असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. मी तो अंक इतक्यांदा वाचला की कावीळ कंटाळून निघून गेली.

पुढे ताईला अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसरची नोकरी लागली. मी कुठेतरी चिकटलो, लग्न झालं, बदलापूरला फ्लॅट घेतला. बराक सोडताना तो अंक कुठे गेला कोण जाणे. गोष्ट मात्र डोक्यात जशीच्या तशी राहिली.

आणि मग, पन्नाशी ओलांडल्यावर, फोनवर त्या कॉमिकच्या चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. चारशे माणसं! कोणी साताऱ्याचा, कोणी नागपूरचा, एक तर थेट मस्कतचा. सगळ्यांची बस त्या तुटक्या पुलापाशी अडकलेली. टकलं पडली, नातवंडं झाली, पण 'पुढील अंकी' काही सुटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी सहज लिहिलं, "शेवटचा अंक मी वाचलाय."

मग एकाने लिहिलं, असा अंकच नाही. मी हवेतली चाकं आणि 'बेलला सर्दी झालीय का आज?' एवढंच लिहिलं, बस कशाने थांबली ते मात्र स्वतःकडेच राखून ठेवलं. कोणी तरी डोळे पुसणाऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "हे कोणी बनवून सांगूच शकत नाही." त्या दिवसापासून मी 'सर' झालो. मला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. ऑफिसात सर म्हणायची पाळी माझीच असते.

सर झालेला माणूस गप्प बसत नाही. मी त्या अंकावर ग्रुपवर व्याख्यान दिलं. निळ्या शाईवर मी एकट्याने एवढं बोललो की मस्कतच्या माणसाचा डेटा संपला. निळा म्हणजे आकाश, निळा म्हणजे अथांग, कलावंताने अखेरच्या अंकात काळ्या रंगाचा त्याग केला, वगैरे. आमच्या घरात निळ्याला तसाही मान, त्यामुळे शब्द भराभर सुचत गेले. एका चौकटीत कंडक्टरच्या हाताला सहा बोटं होती हे मला आठवत होतं. त्यावर मी म्हणालो, सहावं बोट नियतीचं. बायको आतून भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, नियतीला म्हणावं, कचऱ्याची गाडी आली."

आता माझ्या रागाकडे येतो. या ग्रुपवर लोक पुढचे भाग स्वतः बनवून टाकायचे. मला ते सहन होत नसे. एका कॉम्प्युटरवाल्याने कंडक्टरला दाढी दिली आणि पावसात उभा करून 'माझं खरं तिकीट कोणाकडे आहे?' असं विचारायला लावलं. अरे, तो कंडक्टर आहे, तिकीट त्याच्याकडेच आहे! दुसऱ्याने त्याचं बालपण काढलं. त्यात लहानपणी त्याच्या बापाची बस दरीत गेलेली, म्हणून हा असा. असा म्हणजे कसा? तो मजेत होता! एकीने त्याचं लग्न लावलं, आणि सत्तर पानांत त्याने एकालाही भोक पाडलं नाही. एकाने ड्रायव्हर आणि घंटाचोर जुळे भाऊ निघतात असं दाखवलं, तेव्हा मी जेवण सोडून उठलो. हे सगळे लोक वाईट नव्हते. माझ्या लहानपणीच्या माणसाला घरात येऊन ते परस्पर शहाणं करत होते, एवढंच. तो शहाणा झाला की माझी बस कोण थांबवणार?

मग आला 'डबल बेल'. कोणी तरी या टोपणनावाने दर मंगळवारी एक भाग टाकायला लागलं. बाई की बुवा ते कळत नव्हतं. पहिल्या भागात बस पुलाच्या टोकावर थांबलेलीच आणि खाली ओळ: कशी थांबली ते पुढे सांगू. मी लगेच लिहिलं, "सांगणार कसं? माहीत कोणाला आहे?" लोकांनी हसरी तोंडं टाकली. सरांचा विनोद.

ही गोष्ट बरी होती, हेच तर दुखणं. बस मागे फिरून थेट कुळगावात शिरते, तिथे एका बंद पोल्ट्रीत घंटाचोराने बाटल्या लपवलेल्या, आणि एक बाटली फुटून कोंबड्या घंटेसारख्या टणटण ओरडायला लागतात. कुळगावचे लोक कंडक्टरला रस्ता सांगतात, आणि प्रत्येक जण वेगळा सांगतो. मी हसलो, आणि हसल्याबद्दल स्वतःवर चिडलो. ग्रुपवर लिहिलं, "मूळ कॉमिकमध्ये कुळगाव नाही." प्रत्येक भाग मी तीनदा वाचायचो, चुका शोधायला. मंगळवारी सकाळी दाढी करतानाही फोन बेसिनवर असायचा. बायको म्हणाली, "आवडत नाही ना? मग एवढं काय चाटताय?" मी म्हणालो, "टीकाकाराला वाचावंच लागतं."

पाचव्या भागात घंटाचोर विचारतो, "पण तुमची बस थांबली कशी?" पुढच्या चौकटीत शेवटची सीट, बोंबलांची टोपली, उभी राहिलेली म्हातारी. "टिंग!"

माझ्या हातातला चहा गंजिफ्रॉकवर. मी ताबडतोब लिहिलं, शब्दशः देतो: "हा प्रसंग मूळ शेवटच्या अंकातला आहे. तो वाचलेला मी एकटा जिवंत माणूस आहे. ही उघड चोरी आहे. ज्यांना स्वतःचं काही सुचत नाही त्यांनी चित्रं काढण्यापेक्षा पापड लाटावेत."

साताऱ्याच्या एकाने भाबडेपणाने विचारलं, "सर, पण तो अंक तुम्ही एकट्यानेच वाचलाय, तर यांनी चोरला कुठून?" मी लिहिलं, "हाच तपासाचा मुद्दा आहे." तपासाचा मुद्दा माझ्या नाकासमोर बसून मला वाकुल्या दाखवत होता, आणि मी त्याच्यावरून पुढे बघत होतो.

डबल बेलचं उत्तर आलं, एकच शब्द: "बरं." आणि डबल बेल ग्रुपमधून बाहेर.

पुढच्या मंगळवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. ग्रुपवर लोक हळूहळू मला सर म्हणायचे बंद झाले. मी मात्र खूश. किंवा खूश असल्यासारखा. मंगळवारी सकाळी फोन बेसिनवर होताच.

त्या रविवारी मी अंबरनाथला ताईकडे गेलो. आई सध्या तिच्याकडेच आहे, कारण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू होण्याची तारीख सोसायटी दर महिन्याला नवीन देते. आई खिडकीशी चष्मा लावून बसली होती. ताई आत. मी पाय पसरले आणि माझा पराक्रम वाचून दाखवला. आवाज चढवून, जिथे हवं तिथे थांबून. 'पापड लाटावेत' वर तर मी टाळीसाठी हात पुढे केला. आईने त्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

ताई आतून आली. हातात ताट, ताटात भाजलेल्या पापडांचा हा एवढा मनोरा. ताट तिने माझ्यासमोर आपटलं.

"खा."

"एवढे? कोणी यायचंय का?"

"तू सांगितलंस ना लाटायला? लाटले. पोह्यांचे पलीकडच्या बरणीत आहेत."

मी एक पापड तोंडात घातला. चावला. मग थांबलो. तोंडात अर्धा पापड तसाच. माणसाच्या डोक्यात प्रकाश पडतो म्हणतात तो असा भसकन पडत नाही. माझ्या डोक्यात तो जुन्या ट्यूबलाइटसारखा फडफडत, विझत, पुन्हा फडफडत आला.

"डबल बेल..." मी म्हणालो. पापडाचे तुकडे उडाले.

"पुस ते," ताई म्हणाली.

"तू? तू चित्रं काढतेस?"

"नाही. पापड लाटते."

"मग टिंग... टिंग तुला कुठून..." आणि इथे मी, आयुष्यात कधी नव्हे एवढा मूर्ख चेहरा करून म्हणालो, "तूही तो अंक वाचला होतास तर! काकांकडून आणलास तेव्हा वाटेत वाचला असणार."

ताईने आईकडे बघितलं. आईने चष्मा काढला.

"ह्याला अजून माहीत नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं माहीत असेल. केवढा घोडा झालाय."

मग ताईने सांगितलं. कंपनी बंद झाली होती, अंक येणारच नव्हता, आणि मी गोधडीतून रोज विचारत होतो बस थांबली का. शेवटी तिने ड्रॉइंगच्या परीक्षेचा कागद कापला आणि शेवट स्वतः काढला. काका तो बघून इतके खूश झाले की त्यांनी जुनं मुखपृष्ठ काढून दिलं, टाके घातले आणि शिक्काही मारला. "कंपनी बंद हुई तो क्या हुआ, बेटी, अपन हैं ना!" वर म्हणाले, अजून दोन कॉप्या कर, भाड्याने लावतो.

"आणि निळी शाई?" मी क्षीण आवाजात विचारलं. ग्रुपवरचं सगळं व्याख्यान, आकाश, अथांग, डोळ्यांसमोरून गेलं.

"काळी संपली होती."

"सहावं बोट?"

"चुकलं होतं."

मी दुसरा पापड घेतला. पहिला संपलाच नव्हता.

मला वाटलं आता ती हसेल, मी हसेन आणि मंगळवारी भाग येईल. पण ताई हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. तिचा टॅब, निवृत्तीनंतर तिने हौसेने घेतलेला, कपाटावर टाकलेला दिसत होता, वर इस्त्रीचे कपडे.

"माझं काम काय होतं माहीत आहे ना तुला?" ती म्हणाली. "साहेबाने काढलेल्या ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवायचा आणि गिरवायचं. रेघ इकडची तिकडे झाली की कागद वाया. सगळी नोकरी लोकांच्या रेघा गिरवल्या. माझ्या मनाच्या रेघा मी दोनदा काढल्या, दोन्ही वेळा तुझ्यासाठी. तू त्या ग्रुपचं एवढं कौतुक सांगत होतास, म्हणून नाव बदलून आले. म्हटलं बघू, कधी ओळखतोय. बाकी कशावरून नाही तर टिंगवरून तरी ओळखशील."

तोंड भरलेलं होतं हे त्या वेळी बरंच झालं.

"पहिल्यांदा पिवळा होऊन पडला होतास तेव्हा म्हणालास, जगात भारी. आता बरा आहेस तर पापड. राहू दे. झालं माझं काढून."

बदलापूरला परत येताना स्कूटरवर मी पूर्ण वेळ स्वतःशी बोलत होतो. सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, फोन लावलाय की तब्येत?"

तिने पुन्हा काढावं म्हणून मी काय नाही केलं. आधी लाच. कॅम्पात जाऊन टॅबवर चालणारं एक खास पेन आणलं. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, "एकदम ओरिजनल." ते टॅब सोडून सगळ्यावर उमटायचं. ताईच्या नव्या चादरीवर तर फारच सुंदर उमटलं. मग स्तुती. रोज सकाळी फोन करून मी तिच्या भागांतलं एकेक सांगायचो. ती म्हणायची, "हं. दूध उतू जातंय." आणि ठेवायची. मग मी आईला पुढे केलं. आई म्हणाली, "मी का मध्ये पडू? मला पापड आवडतात."

शेवटी मीच अंबरनाथला जाऊन उंबऱ्यात उभा राहिलो आणि विचारलं, "काय केलं म्हणजे काढशील?"

"ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर खरं सांग."

"सांगतो की. तू माझी बहीण आहेस आणि गैरसमज झाला."

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"निळ्या शाईसकट."

वाचकहो, मला कळत होतं की बहिणीपुढे चारशे लोकांतली इज्जत काहीच नाही. पण सर म्हणवून घेण्याची चटक वाईट. पहिला मसुदा मी असा केला: 'नव्याने उजेडात आलेल्या माहितीनुसार, शेवटच्या अंकाच्या निर्मितीविषयी काही फेरविचार आवश्यक वाटतो.' बायकोने वाचला. म्हणाली, "हे काय आहे? लिफ्टची नोटीस?" दुसऱ्या मसुद्यात मी कावीळ इतकी वाढवली की मी जवळजवळ मरत होतो. बायको म्हणाली, "अहो, चार ओळी लिहा आणि दळण आणा."

मग लिहिल्या चार ओळी. शेवटचा अंक कधी निघालाच नाही. तो माझ्या ताईने मी आजारी असताना माझ्यासाठी काढला. डबल बेल म्हणजे तीच, तिने स्वतःचीच गोष्ट पुढे नेली आणि मी तिला चोर म्हणालो. काळी शाई संपली होती, म्हणून निळी. बोट चुकलं होतं.

पाठवलं आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दळण आणायला गेलो. परत आलो तर डबा थरथरत होता. लोक मला धुवून काढतील असं वाटलं होतं. काढलंच. नागपूरकराने लिहिलं, "म्हणजे सर, तुम्ही आमच्यातले सगळ्यांत जुने डुप्लिकेटप्रेमी." कॉम्प्युटरवाल्याने त्याचा दाढीवाला कंडक्टर पुन्हा टाकला, खाली लिहिलं, "आता तरी वाचा." मस्कतवाल्याने संपलेल्या डेटाचा निषेध नोंदवला. साताऱ्याच्या त्या भाबड्या माणसाने मात्र लिहिलं, "वाचलेला एकटा माणूस तुम्ही होतात, कारण तो काढलाच तुमच्यासाठी होता. आम्हाला नुसतं 'पुढील अंकी' मिळालं. ताईंना म्हणावं, आमचीही बस थांबवा." त्याच्याखाली मग रांगच लागली. टिंग. टिंग. टिंग. टकली, नातवंडंवाली, मस्कतवाली माणसं, एकामागून एक नुसतं टिंग लिहीत होती. मी स्क्रीनवर बघत गिरणीच्या पिशवीवरच बसलो.

मी तो सगळा प्रकार, दळणासकट, ताईला जसाच्या तसा पाठवला. तिने उत्तर दिलं, "पीठ चाळून घे, मागच्या वेळी खडा होता." मला काही कळेना, हो की नाही.

मंगळवारी सकाळी दाढीला साबण लावला आणि फोन वाजला. डबल बेल परत ग्रुपवर, भाग सहावा! मी साबणासकट वाचला. बसमध्ये आता एक नवा प्रवासी होता. पोट सुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला, हातात पापडाची पिशवी. तिकीट न काढता शेजाऱ्यांना ऐकवत होता, "ही खरी बस नाही. खऱ्या बसमध्ये मी बसलोय. मी एकटाच." म्हातारी त्याच्याकडे बघून कंडक्टरला विचारते, "ह्याला उतरवायला किती टिंग लागतील?" कंडक्टर म्हणतो, "आजी, ह्याला नुसती टिंग पुरायची नाही." आणि चिमटा काढून पापडाच्या पिशवीला भोक पाडतो.

मी इतका हसलो की साबण नाकात गेला. बायको धावत आली, तिने चित्र बघितलं आणि ती तर जमिनीवरच बसली.

तसाच अर्धी दाढी करून स्कूटर काढली आणि अंबरनाथ गाठलं. ताई टॅबवर सातवा भाग काढत होती. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर गेले होते. मी जाऊन तिच्या पाठीत एक हलकीशी चापट मारली. तिने मान वर न करता म्हटलं, "हलवू नकोस, रेघ जाते." मग आईला हाक मारली, "आई, हा बघ, ह्याला काढलंय."

आईने टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, माझ्या अर्ध्या दाढीकडे.

"अगदी हुबेहूब आहे गं," ती म्हणाली. "फक्त तोंडावर अक्कल जरा जास्त काढलीस."